तळहाताएवढा तुकडा

आजी गेली तेव्हा नव्वद वर्षांची होती आणि तिची वेणी माझ्या मनगटाएवढी जाड होती. आई बासष्टची आहे. खुर्चीतून उठताना ती आधी वेणी उचलून पुढे घेते आणि मग स्वतः उठते, कारण एकदा वेणीवरच बसून राहिली होती आणि उठताना मान लचकली होती. मावशीचं तेच. दोन्ही मामा साठीच्या पुढचे, पण त्यांना दारात बघून न्हावी अजून उसासा टाकतो. आमच्या घराण्यात कुणाला साखर आहे, कुणाचे गुडघे गेलेत, धाकट्या मामाची तर अक्कलही जरा बेताचीच. पण केसांची ददात कुणालाच नाही.

त्यात आमचा धंदाही केसांचाच. आजीने सुरू केला, आईने वाढवला. आईच्या घरात खालच्या मजल्यावर आमची कामाची खोली आहे, वरच्या मजल्यावर माझं बिऱ्हाड. उत्तरेकडे मोठी खिडकी, खिडकीला लागून लांब टेबल आणि टेबलावर लाकडाची चौदा डोकी. आम्ही केसांचे टोप करतो. थोडे नाटकवाल्यांसाठी, पण जास्त करून आजारपणात ज्यांचे केस गेले त्यांच्यासाठी. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणायची आणि आकडीच्या सुईने एकेक केस जाळीत गाठवायचा. एका टोपाला महिना-दीड महिना सहज जातो. पहिली गोष्ट शिकायची ती बुड आणि शेंडा. केस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला की तो आपोआप एका बाजूला सरकतो. सरकतो तिकडे बुड. दहांत एक जरी केस उलटा लागला, तर पहिल्या धुण्यालाच सगळ्याचा गुंता. मी हे सहाव्या वर्षी शिकले. बाकीच्या मुली तेव्हा दोरीवरच्या उड्या शिकत होत्या.

माझी मुलगी, तिला आम्ही ठकी म्हणतो, दूध पिताना एक मूठ माझ्या केसांत घालून घट्ट धरून ठेवायची. जशी काही मी मधेच उठून पळून जाणार होते. ती साडेतीन महिन्यांची असताना एका दुपारी पिता पिता झोपली, मी तिची मूठ हलकेच सोडवली, आणि केस मुठीतच राहिले. नऊ. माझी बोटं सवयीने चोळायला लागली. नऊच्या नऊ बुडासकट आले होते.

मी ते तसेच आईकडे घेऊन गेले.

आईने चष्मा नाकावर सारखा केला, एक केस उजेडाकडे धरला, चोळला, ताणून बघितला. "माल चांगला आहे," ती म्हणाली.

"आई!"

"अगं, बाळंतिणीचे जातातच. पोटात पोर असताना एकही गळत नाही, मग ते सगळे एकदम निघतात. तुझ्या वेळी माझी उशी भरली असती. आले ना परत?"

"पण एवढे?"

"आपल्या घरात टक्कल पडत नाही." आईने निकाल दिला आणि सुई पुन्हा जाळीत घातली. "सात पिढ्यांत कुणाला पडलेलं नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून मावशी म्हणाली, "जावईबापूंकडचं वारं लागलं असेल."

दोघी हसल्या. मीही हसले. माझ्या नवऱ्याला सव्विसाव्या वर्षीच टक्कल पडलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात वाकून काम करतो, आणि त्याचे सोबती म्हणतात की ह्याला खाली सोडला की बॅटरी लागत नाही. लग्न ठरताना आईची तेवढीच एक हरकत होती. "मुलगा सोन्यासारखा आहे, पण माझ्या नातवंडांच्या डोक्याचं काय?" त्यावर हा समोर बसून शांतपणे म्हणाला होता, "काकू, पहिला टोप आजीकडून फुकट, एवढं लिहून द्या." आई इतकी हसली की होकार देऊन बसली.

पाचवा महिना गेला, सहावा गेला. मोरीच्या जाळीत केस, चादरीवर केस, ठकीच्या लाळेरात केस. मी सकाळी विंचरायचे आणि कंगव्याकडे न बघता तो धुवायचे. भांग आधी दोऱ्याएवढा होता, मग नाडीएवढा झाला, मग बोटाएवढा. कपाळाच्या दोन्ही कडा आत सरकल्या. लाकडी डोक्यावर आम्ही पेन्सिलने कपाळाची रेघ मारतो. माझी रेघ कुणीतरी पुसून मागे मारतंय असं वाटायचं.

सातव्या महिन्यात एका सकाळी ठकी रडायची थांबेना. पोट बघितलं, कान बघितले, ताप नाही. मोजा काढला तर डाव्या पायाचं मधलं बोट लालजांभळं होऊन फुगलेलं. माझा एक केस त्या बोटाला तीन वेढे घालून रुतला होता. कात्री आत जाईना. मी धावत खाली गेले, आकडीची सुई आणली, श्वास धरून केसाखाली आकडी घातली आणि उचलून तोडला. बोट तासाभरात निवळलं. मी मात्र ते पाऊल हातात धरून दुपारपर्यंत बसून होते. केस जातात ते जातात, वर माझ्या पोरीचं बोट कापतात, हे माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी हात धुवून मागे लागले. कांद्याचा रस झाला. अंडं झालं. कुठलंसं काळं तेल झालं, त्याने उशी गेली. कांद्याच्या वासाने ठकी माझ्याजवळ आली की शिंकायची.

"डॉक्टरकडे जाऊ," नवरा म्हणाला.

"आणि काय सांगू? ज्या घरात लोक केस मागायला येतात त्या घरची मुलगी केस मागायला आलेय?"

"तसंच सांग. हसतील फार तर."

"तुला काय कळणार!" मी फाडकन म्हणाले. "तुमच्या घरचा फोटो काढायचा तर दिवा लावावा लागत नाही."

तो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "मला कसं कळणार नाही? माझेही गेलेच की."

"तुझे जाणारच होते. माझे जाणार नव्हते!"

हे बोलून मला रडू फुटलं. त्याने ठकीला कडेवर घेतलं आणि माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. तो बोलला असता तर मी आणखी भांडले असते.

आईला मी पुन्हा पुन्हा दाखवायचे. ती माझ्या डोक्याकडे बघायचीच नाही. हातात दिलेला केस बघायची, बुड बघायची, जाडी बघायची, आणि म्हणायची, "अस्सल आपला आहे. कसला घोर लावून घेतेस? दूध सुटलं की येतील." पन्नास वर्षं केस हाताळलेली बाई. तिच्यापुढे मी काय बोलणार?

आई दर दोन वर्षांनी आपली वेणी वीतभर कापते. ते केस बुडाशी दोऱ्याने बांधून, कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते. "घरातल्या कुणाला लागले तर," असं म्हणते आणि स्वतःच हसते, कारण घरातल्या कुणाला कधी लागलेच नाहीत. ठकी नऊ महिन्यांची झाली त्या आठवड्यात मी त्यातला एक जुना, काळाभोर जुडगा काढला. विचारलं नाही. चोरलाच म्हणायचा.

दुपारी ठकी झोपते, आई आणि मावशीही तासभर पडतात. त्या तासात मी वर आमच्या घरी बसून टोपाचा तुकडा केला. तळहाताएवढा, भांगावर बसेल असा. बावीस दुपारी लागल्या. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलेलं नाही. एकेरी गाठी, जाळी दिसणार नाही इतक्या दाट, कडेला विरळ करत नेलेल्या. खालून चार चाप शिवले, दाबले की टक् करून बसणारे. पहिल्यांदा लावला आणि आरशात बघितलं. मी होते. ठकीच्या आधीची मी. मी आरशाला हात लावला, डोक्याला लावायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी खाली गेले. आईने सुई खाली ठेवली.

"इकडे ये. वाक."

मी वाकले. तिने भांगावरून हात फिरवला.  आता सापडले, आता तिची बोटं जाळीला अडणार. पण गाठी मी तिनेच शिकवल्या तशा घातल्या होत्या, आणि केस तर तिचेच होते.

"आले!" आई ओरडली. "अगं, ऊठ, बघ, आले की नाही? मी काय म्हणत होते? अगदी माझ्यावर गेलेत. हा पोत बघ. हा पोत दुसऱ्या कुणाचा असणार?"

मावशीने चष्म्यातून बघितलं. "बाई गं. महिन्याभरात?"

"आपल्या घरातले केस ते," आई म्हणाली. "ते काय विचारून येतात?"

तिने संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगितलं. समोरच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं. मामांना फोन केले. नवऱ्याला जिन्यात गाठून म्हणाली, "जावईबापू, तुमच्या घरच्या वाऱ्याचं आमच्यापुढे काही चाललं नाही हो." त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं, चापांचा आवाज त्याने ऐकला होता. त्याने आईला म्हटलं, "आम्ही हरलो, काकू," आणि वर आल्यावर मला म्हणाला, "सांगून टाक. आज सांगणं सोपं आहे."

"उद्या सांगते," मी म्हणाले.

उद्या काही उजाडला नाही. आईकडे आमच्या घराची किल्ली आहे आणि ती सकाळी सहाला ठकीला फिरवायला न्यायला येते. त्यामुळे तुकडा झोपतानाही डोक्यावर. दिवसभर खाली काम, तेव्हाही डोक्यावर. आंघोळीपुरता काढायचे. चापांबद्दल गिऱ्हाइकांना मी काय सांगते ते मला तोंडपाठ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी होतं. महिन्याभरात पुढचे दोन चाप सरकायला लागले. बघते तर ज्या केसांना ते धरत होते ते केसच उरले नव्हते. कानाच्या वर दोन गुळगुळीत ठिपके, अंगठ्याच्या नखाएवढे. मी काय केलं? चाप बोटभर मागे शिवले. मग तिथले गेले. मग तुकडाच मोठा केला, दोन तळहातांएवढा, म्हणून तो जड झाला, म्हणून आणखी चाप लागले. आईचा दुसरा जुडगा संपला. डोकं सतत ठणकायचं. मला वाटायचं, गळती वाढलीय, बरं झालं वेळेवर तुकडा केला.

आणि ठकी. ती अजूनही दूध पिताना हात वर करायची, मुठीत धरायला. मी तिचा हात खाली करायचे. तिला खेळ वाटायचा, पुन्हा वर. एकदा तिने मूठ भरून ओढलं, चाप निसटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात नाही. पण ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर पंधरा दिवसांत ती शिकली. हात वर निघायचा, अर्ध्यावर थांबायचा, आणि ती आपलाच कान धरून प्यायची. आई म्हणायची, "किती शहाणी झालीय!"

सात महिने असे गेले.

मग एका शाळेतल्या बाई आल्या. दीड वर्षापूर्वी उपचार चालू असताना आमच्याकडून टोप घेऊन गेल्या होत्या. आता त्यांचे केस उगवत होते, कुठे बोटभर, कुठे नुसती लव. त्या खुर्चीत बसल्या, आई आत होती, मी मापं घेत होते.

"पुढे विरळ दिसतं गं. चाप लावायचा छोटा तुकडा देतेस का? शाळेत पोरं फार बारकाईने बघतात."

"बाई, कोवळ्या केसांना चाप नाही लावायचा," मी म्हणाले. रोज म्हणते तसंच, गोड आवाजात. "केस वजन पेलत नाही. बुडासकट येतो, आणि तीच जागा पुन्हा पुन्हा ओढली गेली की मग तिथे येणंच बंद होतं. थोडं थांबा."

बाई आरशातून माझ्याकडे बघत होत्या. मी टेप घेऊन त्यांच्या कानाशी वाकले होते.

"मग तुझ्या कानावर ते चकाकतंय ते काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सरळ झाले. 

"दुखतंय ना? मान वळवताना तू कपाळ आवळतेस. मी आल्यापासून बघतेय." त्यांनी माझ्या हातातला टेप काढून घेतला आणि नीट गुंडाळला, वर्गातल्या पोरीच्या हातातून काहीतरी काढून घ्यावं तसा. "माझं माप आज राहू दे. उद्या तू कातडीच्या डॉक्टरांकडे जायचंस. मी सोबत येऊ का नवरा येईल?"

नवरा आला. कामावरून तसाच आला, हाताला ग्रीस. डॉक्टर माझ्याहून लहान असाव्यात. मी मान खाली घालून एकेक चाप सोडला, टक्, टक्, टक्. अकरा झाले होते. त्यांनी तुकडा हातात घेऊन बघितला. "सुंदर काम आहे. कुणी केलं?"

"मी."

"तुम्ही हेच काम करता?" त्यांचा हात थांबला. "मग चाप किती वेळ ठेवायचे म्हणून सांगता लोकांना?"

"चार तास. रोज जागा बदलून."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यांनी भिंग लावलं आणि माझ्या डोक्यावरून इंच इंच सरकवत राहिल्या.  मग त्यांनी नवऱ्याला भिंगातून बघायला बोलावलं.

"हे मधे भांगावर बघा. हे छोटे छोटे, टोकदार. हे नवे केस आहेत. बाळंतपणाची गळती होती ती. वर्षभराच्या आत आपोआप थांबते, यांचीही केव्हाच थांबलीय. भांग भरत आला असता."

"भरत आला असता," मी म्हणाले.

"हो. हे झाकलं म्हणून दिसलं नाही. पण ह्या कडेच्या जागा..." त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "इथे गळलेले नाहीत. इथे उपटले गेलेत, सात महिने, रोज. ह्यातल्या काही जागी मुळांची तोंडं अजून दिसतात. काही जागी दिसत नाहीत. ती बुजली असतील तर तिथे येणार नाहीत."

"आमच्या घरात सगळ्यांचे..." मी सुरुवात केली.

"तुमच्या घरातल्या सगळ्यांसारखेच तुमचे होते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना मला टोचायचं नव्हतं. "आता सहा महिने डोक्याला काहीही लावायचं नाही. औषध देते तेवढं. चाप नाही, टोप नाही, घट्ट रुमाल नाही. आहे तसं डोकं."

रिक्षात बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "येत होते. कळलं का तुला? ते येत होते, आणि मी वर बसून ते उपटत होते." तो म्हणाला, "हो." त्याला खोटं बोलता येत नाही. तुकडा माझ्या मांडीवर पिशवीत होता. घट्ट बूट काढल्यावर पाय मोकळे होतात तसं डोकं हलकं झालं होतं, आणि ते हलकेपण मला सहन होईना.

आई आणि मावशी टेबलाशी होत्या, ठकी खाली खेळत होती. मी तशीच आत गेले, उघड्या डोक्याने, आणि पिशवीतला तुकडा आईच्या पुढ्यात ठेवला. तिने आधी माझ्याकडे बघितलंच नाही. काम आलं की ती काम बघते. तिने तुकडा उलटा केला, गाठी बघितल्या. "हात बसलाय तुझा," ती म्हणाली. "कुणाचा आहे?" मग तिने एक केस बोटांत धरून चोळला, आणि तिची बोटं थांबली.

"हे माझे आहेत."

मग तिने मान वर केली.

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, न थांबता. मावशीने मधेच "अरे देवा" म्हटलं आणि ठकीला उचलून आतल्या खोलीत नेलं. आई ऐकत राहिली. सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "मी इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगितलं गं."

"आई..."

"पोरीचे केस परत आले म्हणून. सगळ्यांना सांगत सुटले."

"येत होते, आई. तुझं बरोबर होतं. येतील म्हणालीस ते अगदी बरोबर होतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी आईला, तिचं बरोबर निघाल्यावर, असं पडलेलं बघितलं. एरवी ती आठवडाभर मिरवते.

"मग मी ओळखले कसे नाहीत?" तिने विचारलं. माझ्याकडे बघून नाही, टेबलावरच्या लाकडी डोक्यांकडे बघून. "माझेच केस. माझ्याच हाताखाली. मी हात फिरवून म्हणाले, आले."

"तू डोक्याकडे बघतच नव्हतीस. मी किती वेळा आले तुझ्याकडे, आई. तू नुसता केस बघायचीस."

हे मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. ती उठली, हात धुतले, कोरडे केले आणि मला खुर्चीत बसवलं, गिऱ्हाइकाच्या. मग माझ्या डोक्यावरच्या त्या अकरा जागा तिने एकेक करून बोटाने चाचपल्या. केस सोडून कातडीला तिने हात लावल्याचं मला आठवत नाही. तिची बोटं थंड होती, आणि ज्या हाताने ती तासाला शेकड्यांनी गाठी घालते तो हात जागा सोडून भलतीकडे जात होता.

ह्याला आता अकरा आठवडे झाले.

मी खाली कामाला बसते, आहे तशी. गिऱ्हाइकं बघतात. काहींना वाटतं मलाही त्यांचाच आजार आहे; त्या माझा हात दाबतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण माझं तसं काही नाही, मी धडधाकट आहे, मी फक्त थांबले नाही. त्या बाई एकदा येऊन गेल्या. त्यांचे केस आता कानांपर्यंत आले होते.

नवरा दर रविवारी लिफ्टची बॅटरी आणतो आणि बघतो. त्याने माझ्या डोक्याचा नकाशा काढलाय, लिफ्टच्या वायरिंगचा काढतात तसा, अकरा आकडे घातलेला. दोन, पाच आणि नऊवर लव आलीय. भांग भरतोय. बाकीच्यांवर तो बराच वेळ बॅटरी धरतो आणि म्हणतो, "नाही गं. अजून नाही." मी त्याच्यावर चिडते. पुढच्या रविवारी पुन्हा मीच बॅटरी आणून हातात देते.

ठकी आता वीस महिन्यांची होईल. मांडीवर बसली की मी तिचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवते. "घे ना. ओढ. कितीही ओढ." ती हात काढून घेते आणि आपला कान धरते. मी पुन्हा ठेवते, ती पुन्हा काढते. मला घाई करून चालणार नाही, हे मला कळतं. पण मी दिवसातून पाच वेळा ठेवते.

आणि आई. दुपारी पडायचं तिने सोडलंय. त्या तासात ती मला खिडकीशी बसवते आणि चाचपते. ती बॅटरी घेत नाही, चष्माही नाही, डोळे मिटून नुसती बोटं. आज ती एकावर थांबली, उजव्या कानाच्या वर, जिथे पहिला चाप होता तिथे. बराच वेळ थांबली.

"आहे," ती म्हणाली. "खरखर लागतेय हाताला."

तिथे मी सकाळीच हात लावला होता. चमच्याची पाठ असते तसं गुळगुळीत होतं.

"खरंच?"

"खरंच तर. मला नाही कळणार? जरासंच आहे, पण आहे."

तिचा आवाज मला ओळखीचा होता. सात महिने मी तिच्याशी ह्याच आवाजात बोलत होते. मी मान तशीच तिच्या हातात ठेवली, हलले नाही.

"अजून एकदा बघ ना, आई," मी म्हटलं.

तिने पुन्हा बघितलं.